पहारा कुणी उठवला?

आपल्याकडची जुनी माणसं पक्षाघाताचं नाव थेट घेत नसत. ‘अंगावरून वारं गेलं’ एवढंच हलक्या आवाजात सांगत. आयुर्वेदानं हा आजार वाताच्या विकारांत बसवला, म्हणून तो अर्धांगवायू. आणि लोकांच्या बोलण्यात तोच वायू ‘वारं’ होऊन आला. बोलता-चालता माणूस क्षणात आडवा होतो, हे या शब्दांत नेमकं पकडलेलं आहे. पण वारं जाऊन गेल्यावर पुढच्या तीन-चार दिवसांत काय होतं, त्याची गोष्ट वेगळी आहे.

ज्या घरात हा आजार येऊन गेला, तिथं तो क्रम पाठ असतो. पहिला दिवस धावपळीचा. दुसऱ्या दिवशी रुग्ण डोळे उघडतो, नातवाला ओळखतो, घरच्यांच्या जिवात जीव येतो. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अंग तापतं, श्वास घरघरू लागतो. डॉक्टर छातीचा एक्स-रे बघून सांगतात, न्यूमोनिया झालाय. घरची माणसं एकमेकांकडे बघतात आणि एकच प्रश्न विचारतात: दुखणं तर मेंदूचं होतं, मग छातीत कुठून आलं?

हा प्रश्न भाबडा नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2011 साली जगभरातले 87 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत 1 लाख 37 हजारांहून अधिक रुग्ण होते. पक्षाघातानंतर साधारण 30 टक्के लोकांना कुठला ना कुठला संसर्ग झाला होता आणि 10 टक्क्यांना न्यूमोनिया. ज्यांना न्यूमोनिया झाला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. मेंदूवरचा घाव सोसून उभी राहू शकली असती अशी किती माणसं फुप्फुसापाशी हरली, याचा हिशेब या आकड्यांत आहे.

घरच्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. त्यातले दोन मोठे टप्पे एकाच शहरात पडले, बर्लिनमध्ये.

उघडा राहिलेला दरवाजा

1846 साली बर्लिनमधला लुडविग ट्राउबे नावाचा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर सशांवर प्रयोग करत होता. मेंदूतून निघून मानेतून छाती-पोटाकडे उतरणारा व्हेगस नावाचा लांब मज्जातंतू आहे. तो दोन्ही बाजूंनी कापला की प्राण्याची फुप्फुसं सुजतात, पाण्यानं आणि पुवानं भरतात, हे त्या काळच्या शरीरशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. असं का होतं, यावर मात्र वाद होता. या मज्जातंतूतून फुप्फुसाला काही पोषक शक्ती मिळते आणि ती तुटल्यामुळे फुप्फुस सडतं, असं अनेकांना वाटे.

ट्राउबेनं त्याहून साधं कारण दाखवलं. व्हेगस कापल्यावर घशाची आणि स्वरयंत्राची हालचाल बंद पडते. एरवी घास गिळताना श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. इथं ते उघडंच राहतं. मग तोंडातली लाळ आणि अन्नाचे कण अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुस पेटतं. गडाचा दरवाजा बंद करणारा हातच लुळा पडला, तर आत कुणीही शिरणार.

हेच ट्राउबे पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात नावाजलेले वैद्य झाले. 1710 साली प्लेगच्या भीतीनं शहराबाहेर बांधलेली ही इमारत. प्लेग बर्लिनपर्यंत आला नाही आणि तिचं पुढे गोरगरिबांचं मोठं रुग्णालय झालं. या नावाची गाठ पुन्हा पडणार आहे.

ट्राउबेचा निष्कर्ष माणसालाही लागू पडत होता. पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. पाण्याचा घोट चुकीच्या वाटेनं जातो. निरोगी माणसाला अशा वेळी जोराचा ठसका लागतो आणि आलेला पाहुणा बाहेर फेकला जातो. या रुग्णांपैकी अनेकांचा ठसकाही क्षीण झालेला असतो, काहींना तर तो लागतच नाही. घोट गुपचूप आत उतरतो आणि शेजारी बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

तरी एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना या ज्ञानाचा फारसा उपयोग करता आला नाही. औषधच नव्हतं. विल्यम ऑस्लरसारख्या थोर वैद्यानं न्यूमोनियाला म्हाताऱ्या माणसांचा मित्र म्हटलं, कारण तो फार यातना न देता सोडवतो. त्या वाक्यात करुणा होती, पण हारही होती. 1919 च्या डिसेंबरात ऑस्लर स्वतः छातीच्या संसर्गानंच ऑक्सफर्डमध्ये गेले.

ट्राउबेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1946 साली, न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी 44,016 गर्भवती स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. भूल दिलेल्या अवस्थेत पोटातला ऐवज फुप्फुसात गेल्याच्या 66 घटना त्यांना सापडल्या. बाळंतिणीला भूल देताना पोट रिकामं असावं, हा नियम त्यानंतर रुजला. या कामाचा पक्षाघाताशी थेट संबंध नव्हता, पण डॉक्टरांच्या मनात एक चित्र पक्कं बसलं: फुप्फुसात काही उतरलं की न्यूमोनिया. घसा दोषी ठरला आणि चौकशी तिथंच थांबली.

निरोगी माणसाची झोप

हे उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं. अर्ध्या खऱ्या उत्तराची अडचण अशी की ते समाधान देतं, आणि समाधान झालेला माणूस पुढे विचारत नाही.

1978 साली अमेरिकेत वीस निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. रात्री ती गाढ झोपली असताना नाकातून अगदी थोडा किरणोत्सर्गी द्रव सोडला आणि सकाळी त्यांची फुप्फुसं तपासली. वीसपैकी नऊ जणांच्या फुप्फुसांत तो द्रव सापडला. म्हणजे झोपेत आपल्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या घशातला थोडाफार ओलावा छातीत उतरतो, आणि त्याबरोबर तोंडातले जंतूही. तरीही सकाळी उठून आपण कामाला लागतो.

मग पक्षाघाताचाच रुग्ण का आजारी पडतो? दरवाजा तर आपलाही रात्री किलकिला असतो. फरक आतल्या पहाऱ्याचा असणार. दुसरीही एक खूण समोरच होती. याच रुग्णांना याच दिवसांत लघवीच्या मार्गाचे संसर्गही होतात. लघवीची नळी हे त्याचं एक कारण खरं. पण शरीरात एवढ्या ठिकाणी एकाच वेळी जंतूंचं फावतं, तेव्हा घशावर सगळा दोष ढकलून भागत नाही.

मेंदू आणि पहारेकरी

मेंदूचा हुकूम प्रतिकारशक्तीवर चालतो, ही कल्पना विसाव्या शतकात बराच काळ परकी मानली गेली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपापल्या बुद्धीनं लढतात, मेंदूला त्यांच्याशी देणंघेणं नाही, असं धरून चाललं जाई. तरी अधूनमधून कुणाला तरी वेगळंच दिसे.

1936 मध्ये माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये नवं संप्रेरक शोधायला म्हणून उंदरांना अर्क टोचत होते. अर्क कुठलाही असो, थंडी असो वा जखम, उंदरांत तेच तीन बदल दिसत: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, जठरात व्रण आणि थायमस नावाची ग्रंथी आक्रसलेली. थायमस ही पांढऱ्या पेशींची पाठशाळा. शरीर संकटात सापडलं की ही पाठशाळाच ओस पडत होती.

1975 साली रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी आणखी चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. एडर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मानसशास्त्राचे प्रयोग करत. उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजून लगेच मळमळ आणणारं औषध द्यायचं, म्हणजे त्यांना त्या चवीचा तिटकारा येतो. ते औषध प्रतिकारशक्तीही दाबणारं होतं. नंतर औषध बंद करून नुसतं गोड पाणी दिलं, तरी काही उंदीर मरू लागले. दोघांनी मिळून पडताळलं, तेव्हा कळलं की ती चव आठवताच मेंदू प्रतिकारशक्ती खाली आणत होता. चव जिभेवर, आठवण मेंदूत आणि परिणाम रक्तात. लवकरच प्लीहा आणि इतर अवयवांत पांढऱ्या पेशींना भिडलेले मज्जातंतूंचे धागेही सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. मेंदूकडून पहारेकऱ्यांपर्यंत तारा जोडलेल्याच होत्या.

पुन्हा बर्लिन

बर्लिनची भिंत पडून दशक होत आलं होतं. त्या भिंतीला खेटून पूर्व बाजूला उभं असलेलं शारिटे आता एकत्र झालेल्या शहराचं रुग्णालय होतं. तिथल्या मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात काही रुग्ण विनाकारण संसर्गाला बळी पडत होते. ख्रिस्तियान वॉयचेखोव्स्की, हान्स-डीटर फोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं रक्त तपासलं. इंटरल्युकिन-10 नावाचं रसायन त्यात वाढलेलं सापडलं. ‘लढाई आवरा’ असा निरोप पेशींना देणारं हे रसायन. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूचा तुकडा पकडून तो इतर पेशींना दाखवतात, म्हणजे त्या ओळख पटवून हल्ला करतात. या रुग्णांच्या मोनोसाइटवरचा तो दाखवणारा रेणूच कमी झाला होता. पहारेकरी जागेवर होते, पण हाक देत नव्हते.

हा निरोप धाडत होती सिंपथेटिक मज्जासंस्था. संकट दिसताच छाती धडधडवणारी, हातापायांत बळ आणणारी आणि ॲड्रेनलिन सोडणारी हीच ती व्यवस्था. 1998 साली हे निष्कर्ष छापून आले.

मग त्याच संस्थेत कॉन्स्टान्टिन प्रास, आंद्रेआस मायझेल, उलरिश डिर्नागल आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताकडे मोहरा वळवला. त्यांनी उंदरांच्या मेंदूची एक मुख्य रक्तवाहिनी थोडा वेळ बंद केली आणि मग सोडली. उंदरांना जंतू टोचले नव्हते, काही पाजलंही नव्हतं. तरीही तिसऱ्या दिवशी सगळ्या उंदरांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया होता आणि रक्तात जंतू पसरले होते.

तिसरा दिवस. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या घरच्यांना ओळखीचा असलेला तोच दिवस.

त्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येनं मेल्या होत्या. उरलेल्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं लढाईचं रसायन पुरेसं बनवत नव्हत्या. निरोगी उंदरांच्या पेशी टोचल्या किंवा पहिल्याच दिवशी इंटरफेरॉन-गॅमा दिलं, तर जंतूंची संख्या बरीच घटत होती. मेंदूकडून शरीराकडे ताणाचे दोन रस्ते जातात: एक कॉर्टिझॉलसारख्या संप्रेरकांचा, दुसरा सिंपथेटिक मज्जातंतूंचा. संशोधकांनी दोन्ही रस्ते आळीपाळीनं अडवून पाहिले. संप्रेरकांचा रस्ता अडवून संसर्ग थांबला नाही. मज्जातंतूंचा अडवल्यावर थांबला.

अडवायला वापरलेलं औषध होतं प्रोप्रानोलॉल. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात ते हृदयरोग्यांसाठी शोधलं होतं आणि त्यांच्या कामाला 1988 मध्ये नोबेल मिळालं. छातीची धडधड कमी करणारी ही गोळी पक्षाघात झालेल्या उंदरांचा जीव वाचवत होती. 2003 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. ट्राउबेच्या सशांनंतर 157 वर्षांनी बर्लिननं गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगितला.

राहिलेली शंका 2006 साली फिटली. प्रास यांच्या गटानं उंदरांच्या नाकात न्यूमोनियाचे मोजून जंतू सोडले. पक्षाघात झालेल्या उंदराला गंभीर न्यूमोनिया व्हायला 200 जंतू पुरले. निरोगी उंदराला तेवढंच आजारी पाडायला 2,00,000 लागले. हजारपट. घशातून काय उतरलं, इतकंच महत्त्व त्याला कुणी अडवलं नाही यालाही आहे, हे या दोन आकड्यांनी एका ओळीत सांगितलं.

मेंदू असं का करतो?

आपल्याच किल्ल्यावरचा पहारा मेंदू का उठवतो? एक सुसंगत स्पष्टीकरण असं आहे. एरवी मेंदू रक्तातल्या पेशींपासून बराचसा पडद्याआड असतो. घाव झाला की त्याची आतली प्रथिनं उघड्यावर येतात. संरक्षक पेशींनी ती शत्रूची समजून त्यांच्यावरच चाल केली, तर उरलेला मेंदूही जळेल. सिएटलच्या कायरा बेकर यांच्या प्रयोगांनी हा धोका कल्पनेतला नाही, हे दाखवलं: पक्षाघाताच्या वेळी अंगात दाह असेल, तर प्राण्यांची प्रतिकारशक्ती मेंदूतल्याच प्रथिनांवर उलटू शकते. म्हणून जखमी मेंदू आपल्या पेशींना सबुरीचा हुकूम देतो. आई तापलेल्या पोराला घरात कोंडते, तसा तो स्वतःला सांभाळतो. पण त्याच वेळी फुप्फुसाच्या वेशीवर कुणी उभं राहत नाही.

पुढच्या वर्षांत हा हुकूम कुठेकुठे पोचतो, ते दिसत गेलं. कॅनडातल्या कॅलगरीत कॉनी वाँग आणि पॉल क्यूब्स यांनी जिवंत उंदराच्या यकृतात सूक्ष्मदर्शकानं डोकावून 2011 साली दाखवलं की तिथल्या मज्जातंतूंतून सुटणारं नॉरॲड्रेनलिन यकृतातल्या खास संरक्षक पेशींचं वागणंच बदलतं. पुढे मेलबर्नमध्ये वाँग यांच्या गटानं 2016 मध्ये आणखी एक दार उघडं असल्याचं सांगितलं. पक्षाघातानंतर आतड्याची भिंत सैल होते आणि एरवी पोटात निरुपद्रवी राहणारे जंतू बाहेर पडून फुप्फुसापर्यंत पोचतात. संसर्ग झालेल्या रुग्णांत सापडलेले बहुतेक जंतू आतड्यात नेहमी राहणारेच होते.

औषधांची हार

एवढं कळल्यावर उपाय सोपा वाटला. पहारा नाही, तर आधीच अँटिबायोटिक देऊन ठेवू. शारिटेच्याच संशोधकांनी 80 रुग्णांवर केलेल्या लहान चाचणीत संसर्ग कमी झाले आणि आशा वाढली. मग मोठ्या चाचण्या झाल्या. नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना चार दिवस सेफट्रायाक्झोन दिलं. ब्रिटनमधल्या 48 पक्षाघात कक्षांत, गिळता न येणाऱ्या 1,224 रुग्णांवर तसाच प्रयोग झाला. दोन्हींचे निष्कर्ष 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले.

नेदरलँड्समध्ये लघवीचे संसर्ग घटले. न्यूमोनिया दोन्हीकडे घटला नाही. तीन महिन्यांनी चालण्या-बोलण्यात, स्वतःचं स्वतः करण्यातही फरक पडला नाही. प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्यांचं माणसांतलं चित्रही संमिश्र राहिलं: काही नोंदींत फायदा, काहींत नाही. उंदराच्या पिंजऱ्यात स्पष्ट दिसलेली वाट माणसाच्या खाटेपाशी येऊन पुसट झाली.

या हारेत शिकण्यासारखं बरंच आहे. अँटिबायोटिक जंतू मारतं. ते उघडा दरवाजा लावत नाही आणि झोपलेला पहारेकरीही उठवत नाही. पहारा परत उभा करणारं खात्रीचं औषध अजून हाती आलेलं नाही. मग तोवर दरवाजा तरी सांभाळायला हवा.

चमचाभर पाणी

दरवाजा सांभाळण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांची नावं प्रयोगशाळांच्या इतिहासात फार येत नाहीत. त्या बहुतेक परिचारिका होत्या.

जपानमध्ये वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांचे दात आणि तोंड जेवणानंतर नेमानं स्वच्छ केले गेले. 1999 साली आलेल्या आकड्यांप्रमाणे तिथं न्यूमोनिया झाला 11 टक्क्यांना. जिथं ही काळजी घेतली नव्हती, तिथं 19 टक्क्यांना. घशातून उतरणारा ओलावा थांबवता आला नाही, तरी त्यातले जंतू कमी करता आले. हे काम दात घासायच्या ब्रशनं झालं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये सँडी मिडलटन यांनी 19 पक्षाघात कक्षांपैकी काहींत एक साधी शिस्त आणली. मिडलटन स्वतः परिचर्या शास्त्राच्या संशोधक. ताप वेळेवर मोजा आणि उतरवा, साखर ताब्यात ठेवा, आणि गिळता येतं का हे तपासल्याखेरीज तोंडावाटे काही देऊ नका. 2011 मध्ये निकाल आला. ही शिस्त पाळलेल्या कक्षांत तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण होते 42 टक्के, इतरत्र 58 टक्के. एकही नवं औषध वापरलं नव्हतं. मोठ्या चाचण्यांना जे साधलं नाही, ते तापमापक, ग्लुकोमीटर आणि कुणाच्या तरी लक्ष देणाऱ्या डोळ्यांनी साधलं.

दीडशे वर्षांची ही वाट मला आपल्या घरांपर्यंत येऊन पोचलेली दिसते. तहानलेल्याला पाणी देणं हे आपल्याकडे पुण्याचं काम. आजारी माणूस कोरड्या ओठांनी काही पुटपुटला, की कुणीतरी लगेच पेला पुढे करतं. त्या हातात माया असते, म्हणूनच त्याला हे सांगणं अवघड जातं की थोडं थांब. पण पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत तो घोट कुठं उतरेल याचा भरवसा नाही, आणि चुकून जिथं उतरेल तिथं पहाऱ्यावर कुणी नाही.

म्हणून परिचारिका आधी खाटेची उशाकडची बाजू उचलते, रुग्णाला नीट बसतं करते. तोंड पुसून स्वच्छ करते. चमच्यानं थोडंसं देते आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहते. घाटी वर चढून खाली आली का? ठसका लागला का? नाव विचारलं तर आवाज घोगरा, ओला येतो का? सगळं ठीक असेल, तर मग ती दुसरा चमचा भरते.